मैनाबाईची बॅटरीवाली करवत

वैशाली नगरच्या त्या गल्लीत मैनाबाई लांजेवारचं नाव काढलं की बायकांना पहिल्यांदा गळा आठवतो. ब्लाउजचा गळा. पानाचा, मटक्याचा, मागून खोल पण सासूच्या नजरेला उथळ दिसणारा, असा कुठलाही गळा मैनाबाईनं एकदा खडूनं आखला की तो आखल्या जागीच बसायचा. तीस-बत्तीस वर्षं तिनं भिलाईतल्या बायकांची मापं घेतली होती. कोण जाड झाली आणि कोण नुसतीच सांगते बारीक झाले म्हणून, हे तिला टेप न लावता कळायचं. पण ती बोलायची नाही. गालात हसायची आणि कापडात गुपचूप अर्धा इंच माया जास्त सोडायची. शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. पुढं लागलंच तर उसवून घेता येतं.

तुमसरकडच्या एका धान पिकवणाऱ्या घरातून लग्न होऊन ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा भाऊराव स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. पहिला संसार भिलाईतल्या कॅम्प-१ या वस्तीतल्या एका खोलीत. दारापाशी शिलाई मशीन, मशीनमागं स्टोव्ह आणि स्टोव्हमागं सासूबाई. भाऊरावांनी चौतीस वर्षं वितळलेल्या पोलादाची शंभर-शंभर टनांची भांडी उंच केबिनमध्ये बसून इकडून तिकडं नेली, आणि एक थेंब सांडला नाही. हे ते स्वतः सांगत. रोज सांगत. त्याच माणसानं घरात स्वतःच्या वडिलांचा फोटो लावायला खिळा ठोकला, तर फोटो पडला, काच फुटली आणि भिंतीला पोपडा आला. तेव्हापासून हातोडी मैनाबाईच्या ताब्यात होती.

भाऊराव निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. इकडं मैनाबाईचे गुडघे गेले. आयुष्यभर जमिनीवर बसून कापड कापलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाली बसणं बंद, उंच टेबल करा, उभं राहून कापा. मैनाबाईनं लगेच प्लायचा एक आख्खा ताव आणि लाकडी पट्ट्या आणून ओसरीत उभ्या करून ठेवल्या आणि चंदन सुताराला बोलावलं.

चंदन आला. माप घेतलं. चहा प्याला. म्हणाला, “परसों से काम चालू.” तो परवा काही उजाडला नाही. पंधरा दिवसांनी परत आला, परत माप घेतलं, परत चहा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मैनाबाईनं त्याला विचारलं, “क्यों चंदन, मेरा टेबल बढ़ रहा है क्या, जो हर बार नापना पड़ता है?” चंदन लाजला, “परसों पक्का” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, संक्रांतही गेली. ओसरीतल्या प्लायमागं मांजरीनं तीन पिल्लं घातली.

एका रविवारी रायपूरहून मुलगी दिपाली आली होती. तिच्या मोबाईलवर एक बाई स्वतःच्या हातानं फळ्या कापत होती. हातात इस्त्रीएवढं यंत्र, त्याला गोल दातेरी पातं, वायर नाही की काही नाही. इस्त्री फिरवावी तसं फिरवलं की फळी दोन तुकडे.

“हे काय होय वं?” मैनाबाईनं विचारलं.

“बॅटरीवाली करवत, आई. सर्क्युलर सॉ म्हणतात. घरी छोटी-मोठी कामं करणारे लोक घेतात. स्वस्तातल्या पण मिळतात.”

मैनाबाई बराच वेळ बघत राहिली. त्या बाईनं आधी रेघ आखली, मग कापलं. “हे तं कटिंगच होय,” ती म्हणाली. “कापड कडक हाय, एवढंच.”

पलंगावर पेपर वाचणाऱ्या भाऊरावांनी पेपर खाली घेतला. प्लांटमध्ये सुरक्षा सप्ताहात घोषवाक्याचं बक्षीस त्यांना तीनदा मिळालं होतं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक अपघातावर त्यांचा हक्क होता. “ते करवत हाय, शिलाई मशीन नाही. बोट गेलं म्हंजे? काही आनाची नाही. मी सांगून ठेवतो.”

“मी कुठं आनून राहिली? पायलं फक्त,” मैनाबाई म्हणाली आणि गालात हसली. दिपालीला ते हसू माहीत होतं. तिनं आईला हळूच तो व्हिडिओ पाठवून दिला. पुढचे दहा दिवस दुपारी भाऊराव घोरू लागले की मैनाबाई कानात वायर खुपसून असले व्हिडिओ पाहायची. रिटायर माणसाची झोप ही बायकोची शाळा असते.

मग एका सकाळी फॉल-पिकोचं सामान आणायला म्हणून ती निघाली. शेअर ऑटोनं कॅम्प-१ च्या बाजारात उतरली आणि दोऱ्याच्या दुकानाकडं न वळता हार्डवेअरच्या दुकानात शिरली. पिशवीत टेप, खडू आणि हातभर लांबीचा प्लायचा तुकडा होता.

दुकानदारानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं. “माताजी, भाईसाहब को भेज दीजिए. उनको समझा देंगे.”

“भाईसाहब को आता नहीं,” मैनाबाई म्हणाली. “आप मुझे समझाओ, मैं घर जाके उनको समझाऊँगी.”

त्यानं नाइलाजानं सगळ्यात स्वस्त खोका पुढं सरकवला. खोक्यावर एक गोरा माणूस दात काढून फळी कापत होता. मैनाबाईनं यंत्र हातात घेतलं, वजन पाहिलं आणि म्हणाली, “चालू करके दिखाओ.”

“इसमें बैटरी नहीं आती, माताजी. बैटरी अलग से, चार्जर अलग से.”

“मतलब ब्लाउज सिला हुआ दिया, बाँहें अलग से?”

शेजारी खिळे घ्यायला आलेला माणूस फिसकन हसला. दुकानदार थोडा सावरून बसला. दुसरं यंत्र निघालं, मोठ्या नावाचं. त्याची किंमत ऐकून मैनाबाईनं ते देवाच्या मूर्तीसारखं दोन्ही हातांनी परत ठेवलं. तिसरं निघालं ते मधलं. नाव कधी न ऐकलेलं, पण दोन बॅटऱ्या, चार्जर आणि पातं सगळं खोक्यातच. मैनाबाईनं बॅटरी न लावता पात्याखालचं झाकण बोटानं मागं ओढलं आणि सोडलं. कापताना हे झाकण मागं सरकतं आणि कापून झालं की आपोआप पात्यावर येऊन बसतं. यंत्रात जीव वाचवणारी वस्तू तीच, हे तिनं व्हिडिओत पाहिलं होतं. झाकण अर्ध्यात अडकलं.

“ये सुस्त है. दूसरा पीस निकालो.”

“माताजी, चलते-चलते ठीक हो जाएगा.”

“और चलते-चलते मेरी उँगली चली गई तो?”

दुसरा नग आला. त्याचं झाकण ‘टक्’ करून बसलं. मग तिनं पात्याचे दाते मोजले. चोवीस. “इससे प्लाय का किनारा फटेगा. ज्यादा दाँत वाला ब्लेड दो. मोटी कैंची से जॉर्जेट काटते हैं क्या?” तोवर काउंटरपाशी चार-पाच जण जमले होते. दुकानदारानं चाळीस दात्यांचं पातं काढलं आणि बसवून दिलं. मैनाबाईनं पिशवीतून प्लायचा तुकडा काढला, त्यावर खडूनं रेघ मारली आणि दुकानासमोरच्या स्टुलावर ठेवून, पदर कमरेला खोचून, बॅटरी लावून यंत्र चालू केलं.

आवाजानं तिचं काळीज एकदा उडालं. पण हात हलला नाही. रेघेच्या एका अंगानं पातं सरळ गेलं आणि तुकडा ‘टप’ करून खाली पडला. खिळेवाला म्हणाला, “हमारे मिस्त्री से तो सीधा काटा.” दुकानदारानं भुशापासून डोळे वाचवणारा चष्मा फुकट दिला.

करवत घेऊन घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, ती ठेवायची कुठं? मैनाबाईनं ती गिऱ्हाइकांच्या ब्लाउजच्या गाठोड्यात, पार खाली ठेवली आणि वरून ‘अर्जंट’ची चिठ्ठी लावली. बायकांच्या अर्जंट ब्लाउजांत हात घालायची हिंमत भिलाईतल्या कुठल्याच नवऱ्यात नाही.

भाऊराव रोज दहा ते बारा चौकातल्या चहाच्या टपरीवर असत. तिथं प्लांटचे जुने सोबती जमत आणि प्लांट त्यांच्याशिवाय कसा बिघडला यावर चर्चा होई. ते वळणावर दिसेनासे झाले की मैनाबाई अंगणाचं दार लावायची. पहिल्या दिवशी तिनं टेबलाची बाजू कापायला घेतली. प्लायखाली काहीतरी टेकू हवा म्हणून बैठकीतली टीपॉय ओढून आणली. ती साधीसुधी नव्हती. भाऊराव निवृत्त झाले तेव्हा खात्यातल्या लोकांनी दिलेली, सागवानी, कडेला ‘सप्रेम भेंट’ कोरलेली पितळी पट्टी असलेली टीपॉय होती.

कापून झालं. प्लाय बाजूला केला आणि मैनाबाईच्या तोंडून “अवं माय वं!” निघालं. पातं किती खोल जावं ते ठरवायची खटकी यंत्राला असते. ती तिनं पाहिलीच नव्हती. प्लायबरोबर टीपॉयच्या पाठीवरही वीतभर लांब, बोटाच्या पेराएवढा खोल चर पडला होता. शिवताना पुढच्या भागाबरोबर पाठही शिवून टाकावी तसं झालं. तिनं दोन मिनिटं देवाचं नाव घेतलं. मग कपाटातून क्रोशाचा मोठा रुमाल काढला आणि टीपॉयवर घातला. वर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

“हे काय नवीन?” भाऊरावांनी दुपारी विचारलं.

“घर जरा चांगलं दिसावं म्हनून.”

“आन् तुह्या केसात पिवळं-पिवळं काय हाय?”

मैनाबाईनं डोक्यावरून हात फिरवला. भुसा. “हळद कुटत होती.”

“घरात तं हळदीचं पुडकं हाय.”

“त्यात भेसळ असते.”

भाऊरावांनी मान डोलावली. भेसळीविरुद्ध ते काही बोलू शकत नव्हते.

असं आठ दिवस चाललं. शेजारच्या सिंधुताईला घुर्र-घुर्र ऐकू यायचं. ती भिंतीपलीकडून ओरडायची, “मैनाबाई, मिक्सर बिघडला का वं?” मैनाबाई म्हणायची, “हाव, लय म्हातारा झाला.” टेबलाचा वरचा भाग, दोन फळ्या, सहा पट्ट्या असं सगळं कापून प्लायमागं ओळीनं उभं राहिलं. मांजरीची पिल्लं एव्हाना मोठी होऊन गेली होती.

नवव्या दिवशी टपरीवाल्याच्या घरी लग्न होतं. टपरी बंद. भाऊराव वीस मिनिटांत परत आले. अंगणाचं दार आतून लावलेलं. आतून घुर्र-घुर्र. ते मागच्या बोळातून आले आणि कोपऱ्यावर थबकले. त्यांची बायको, पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर त्यांचंच प्लांटमधलं जुनं पिवळं हेल्मेट, शेवटची पट्टी कापत होती. तुकडा पडला. यंत्र थांबलं. तिनं वर पाहिलं.

भाऊरावांची नजर करवतीवरून हेल्मेटवर गेली. मग भाऊराव म्हणाले, “हेल्मेटचा पट्टा लाव.”

ते आत गेले. मैनाबाईला वाटलं, आता दोन दिवस अबोला. पण ते जुन्या कॅलेंडरची पानं आणि पेन घेऊन बाहेर आले आणि खुर्ची मांडून बसले. “हे पाय. प्लांटमधी कोनतंबी धोक्याचं काम परमिटबिगर होत नाही. काम कोनतं, किती वाजता, कोन करनार, बॅटरी काढून ठेवली का, आजूबाजूले कोन उभं हाय. सगळं लिहाचं. मी सही करीन, मंग तू चालू कराचं.”

“आन् तुमी सही नाही केली तं?”

“तं काम बंद.”

“ठीक हाय,” मैनाबाई इतक्या चटकन म्हणाली की भाऊरावांना शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं परमिट मोठ्या रुबाबात लिहिलं. दुपारी साडेबारा झाले, एक वाजला, तरी जेवणाची हाक नाही. ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर भेंडी धुऊन ठेवलेली. शेजारी मैनाबाई हात बांधून उभी.

“भाजी नाही झाली?”

“चाकू धारदार हाय. परमिट पायजे.” तिनं कॅलेंडरचं पान पुढं केलं. “लिहा नं. काम, भेंडी कापनं. करनारी, मैना. आन् हे दुसरं, फोडनीचं. गॅस पेटवाचा हाय, त्याले काय म्हनता तुमी प्लांटमधी? हॉट वर्क?”

भाऊरावांनी दोन्हींवर सही केली. संध्याकाळी चहाचं परमिट झालं. रात्रीच्या पोळ्यांचं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुई ओवायचं परमिट पुढं आलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. “अवं, किती छळशीन?”

“मी कुठं छळून राहिली? सुरक्षा पयले.” हे त्यांचंच बक्षीसपात्र घोषवाक्य होतं.

तह झाला. परमिट फक्त करवतीचं. बाकी सगळं माफ. मग मात्र दोघांनी मिळून टेबल जोडलं. तिनं आखलं, त्यांनी स्क्रू पिळले, आणि दोनदा उलटे पिळले. पातं स्वतःच दोन मिलिमीटर लाकूड खातं, ही माया धरायला ती एका पट्टीत विसरली होती, म्हणून एक पाय किंचित आखूड झाला. तिनं तो रबराचा तुकडा लावून भागवला. टेबल कमरेच्या उंचीला आलं. मैनाबाईनं त्यावर पहिलं कापड पसरलं, उभ्यानं कापलं आणि गुडघ्यांवरून एकदा हात फिरवला. भाऊराव पाहत होते. टेबल खरोखरच देखणं झालं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण पुढच्याच आठवड्यात मैनाबाई जवळच्या अहिवारा गावी एका गिऱ्हाइकाच्या घरी लग्नाचे ब्लाउज द्यायला गेली आणि संध्याकाळी परतली. बैठक झाडताना तिनं टीपॉयवरचा क्रोशाचा रुमाल उचलला. खाली दोन चर होते. एक तिचा, सरळ. दुसरा त्याच्या शेजारी, नाग सरपटत गेल्यासारखा, दोन ठिकाणी वळलेला. मैनाबाईनं रुमाल परत होता तसा घातला. मग परमिटची पानं मोजली. त्या दिवसाचं पान नव्हतं. अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागं तिला वाकड्या कापलेल्या पट्टीचे चार तुकडे सापडले. रात्री तिनं भाऊरावांना आवडते म्हणून झुणका-भाकर केली. गुन्हेगाराला जास्त वाढलं की तो घाबरतो, हे तिला माहीत होतं. भाऊराव घाबरत-घाबरत दोन भाकरी जास्त जेवले.

गुन्ह्याचं कारण रविवारी दारात आलं. भाऊरावांचा प्लांटमधला सोबती बाबुलाल साहू, आणि बरोबर टपरीवरचे आणखी दोघं. बाबुलाल आत येतानाच मोठ्यानं म्हणाला, “कहाँ है भई, लांजेवारजी का टेबल? भाभीजी, क्या हाथ है इनका! हम तो समझते थे इनको खाली क्रेन आती है. पूरा टेबल अकेले खड़ा कर दिया!”

भाऊराव भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी शोधू लागले. मैनाबाईला एका क्षणात सगळं समजलं. टपरीवर बढाई मारली, हे लोक बघायला येणार म्हणाले, म्हणून चोरून सराव केला. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात ते गल्लीला माहीत असलेलं हसू आलं.

“हाव, इन्होंने ही बनाया,” ती म्हणाली. “बैठो, चाय रखती हूँ. और आप लोग आए हो तो ये एक फट्टा काट के दिखाएंगे.”

बाबुलालनं टाळी वाजवली. भाऊरावांनी घसा साफ केला. “आज... आज का परमिट नहीं बना है. नियम है अपना.”

मैनाबाईनं सकाळीच आपल्या कामासाठी लिहून कमरेला खोचलेलं पान काढलं. “मी लिहून ठेवलं हाय. फक्त तुमची सही पायजे.”

सगळे अंगणात आले. फळी विटांवर ठेवली. मैनाबाईनं लांब रेघ आखली, खोलीची खटकी नीट लावली आणि बॅटरी बसवून करवत नवऱ्याच्या हातात दिली. हेल्मेट घातलेल्या भाऊरावांनी तिच्याकडं पाहिलं. शंभर टनांच्या पोलादापुढं न हललेला माणूस करवत या हातातून त्या हातात घेत होता. तिचा थट्टा करायचा विचार तिथंच निम्मा विरला. निम्मा राहिला.

ती फळीच्या पलीकडं, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. सराव का फसला ते तिला तो नागमोडी चर पाहूनच कळलं होतं. भाऊराव रेघेकडं पाहत होते, पातं रेघेवरून सुटलं की घाबरून एकदम वळवत होते. पण ह्या माणसानं चौतीस वर्षं भांड्याकडं कधी पाहिलंच नव्हतं. उंच केबिनमधून तो फक्त खाली उभ्या असलेल्या माणसाचा हात पाहायचा. हात म्हणेल तसं भांडं चालायचं. ते सगळे इशारे मैनाबाईनं जेवताना हजारदा ऐकले-पाहिले होते, तोंडात घास असताना भाऊराव हवेत हात करून दाखवायचे.

तिनं उजवा पंजा वर केला. भाऊरावांच्या मानेचा ताठा बदलला. तिनं बोटं हळू हलवली, ये, सावकाश. यंत्र सुरू झालं. ते फळीकडं पाहत नव्हते, तिच्या हाताकडं पाहत होते. तिनं करंगळी जराशी त्यांच्या डावीकडं वळवली, ते तेवढेच डावीकडं आले. हळू. सरळ. आणखी सरळ. पातं कडेला आलं आणि मैनाबाईनं मूठ आवळली. थांब. यंत्र थांबलं, तुकडा पडला आणि झाकण ‘टक्’ करून बसलं. कापलेली कड दोरीसारखी सरळ होती.

बाबुलाल वाकून पाहत राहिला. मग वर पाहून त्यानं विचारलं, “वो तो ठीक है लांजेवारजी. मगर टेबल बनाते टाइम सिग्नल कौन दे रहा था?”

भाऊरावांनी हेल्मेट काढलं. “बनाया इसने,” ते म्हणाले. “मैंने स्क्रू कसे. दो उलटे कसे.”

पाहुणे चार वेळा चहा पिऊन, खूप हसून गेले. बैठकीत दोघं उरले. मैनाबाईनं टीपॉयवरचा रुमाल उचलला आणि विचारलं, “हा दुसरा कोनाचा?”

“पयला कोनाचा, ते सांग आधी.”

“माहा.”

“मंग दुसरा माहा.” भाऊरावांनी चरावरून बोट फिरवलं. “पयला दिसला तवाच समजलं, ज्या दिवशी तू रुमाल घातला. म्हनलं, तूच सांगशीन कवातरी. मंग माह्याच हातून झालं, तं कोन्या तोंडानं बोलाव?” थोडं थांबून ते म्हणाले, “हात रिकामे वाटतात वं, मैना. चहा प्याले आन् पेपर वाचाले हात पुरत नाहीत.”

दुसऱ्या दिवसापासून मैनाबाईनं त्यांना खडू धरायला शिकवलं. खडूचं टोक ब्लेडनं कसं छिलायचं, रेघ ओढताना श्वास कसा धरायचा. गल्लीत बातमी फिरायला वेळ लागला नाही. सिंधुताईला देव्हाऱ्याखाली पाट हवा होता. समोरच्या सुशीलाला चपलांचा कप्पा. बायका ब्लाउजचं कापड द्यायला येत आणि जाताना हळूच म्हणत, “आन् जमलं तं एक लहानसा स्टूलबी.” मैनाबाई दोन्हींची मापं एकाच वहीत लिहायची. त्यातून एकदा सुशीलाच्या चपलांच्या कप्प्याचा ‘मुंढा’, म्हणजे बाही जोडतात तो घेर, सोळा इंच झाला होता.

या भादव्यात गल्लीच्या गणेश मंडळाचे तिघं-चौघं संध्याकाळी आले. मंडपातला जुना चौरंग वाळवीनं खाल्ला होता. ते भाऊरावांसमोर खुर्च्या ओढून बसले. “काका, आप तो अब मिस्त्री हो गए. मंच बना दोगे?”

भाऊराव उठले, आपली खुर्ची मैनाबाईकडं सरकवली आणि म्हणाले, “मापाचं तिले विचारा. मी सिग्नलवर चालतो.”

मैनाबाईनं गळ्यातला टेप काढला. “मूर्ती कितीची येऊन राहिली यंदा?”

“पाँच फुट, काकी.”

“पाँच फुट मुकुट के साथ या मुकुट के बिना?”

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. हे त्यांनी मूर्तिकाराला विचारलंच नव्हतं. त्यांच्यापैकी एक जण फोन लावायला बाहेर गेला आणि मैनाबाईनं भाऊरावांना बॅटरी चार्जिंगला लावायला सांगितलं.